नवी मोटार : शोरूमच्या किमतीपलीकडचा हिशेब

ग्वाल्हेर रेल्वे स्थानकाजवळच्या भागाचे नाव पडाव. कोकणात पडाव म्हणजे होडी. उत्तरेत त्याचा अर्थ मुक्कामाची जागा. वास्कोहून निघणारी गोवा एक्स्प्रेस या स्थानकावर थांबते आणि हिवाळ्यात येथे उतरणाऱ्याच्या कानावर एकच विषय पडतो : व्यापार मेळ्यातील मोटारींवरची करसवलत. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत 1905 मध्ये सुरू झालेल्या या मेळ्यात 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी मध्य प्रदेश सरकारने वाहनकरात 50 टक्के सूट दिली. एखाद्या गाडीचा कर 64 हजार रुपये होत असेल, तर 32 हजार वाचतात.

आकडा मोहक आहे. मात्र वाहन मेळ्यातच विकले गेले पाहिजे आणि त्याची कायम नोंदणी ग्वाल्हेरच्या परिवहन कार्यालयातच झाली पाहिजे, अशी अट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार नोंदणी मालकाच्या निवासाच्या किंवा व्यवसायाच्या राज्यात होते. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथील क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी ना हरकत दाखला हवा आणि नव्या राज्याचा करही भरावा लागतो. सबब ही सवलत मध्य प्रदेशात राहणाऱ्यांसाठीच खरी. तेथील नातलगाच्या पत्त्यावर गाडी घेऊन ती गोव्यात आणण्याचा बेत शेवटी महागच पडतो.

शिवाय सवलत केवळ कराची असते. उरलेला खर्च पणजीत असो वा पडावात, चुकत नाही. नोंदणीचे शुल्क 600 रुपये असून गाडी कर्जावर असेल तर बोजा नोंदवण्याचे आणखी 1,500 रुपये लागतात. नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे त्याचा हप्ता 1,000 सीसीपर्यंत 6,521, 1,500 सीसीपर्यंत 10,640 आणि त्यापुढे 24,596 रुपये असून जीएसटी वेगळा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक असतो. कर्ज देणारी बँक मात्र तो मागतेच. हा विमा विक्रेत्याकडूनच घेण्याचे बंधन नाही. बाहेरून एक तरी दरपत्रक मागवावे, फरक बहुधा डोळ्यांत भरतो. मालक-चालकाचे 15 लाखांचे अपघात संरक्षण आधीपासून असेल तर पुन्हा घेण्याची गरज नाही.

दहा लाखांहून महाग गाडीवर 1 टक्का कर विक्रेता वसूल करतो. तो आपल्या प्राप्तिकरात वळता होतो, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. तेव्हा पावती जपावी.

बिलातील ‘हँडलिंग’ शुल्क मोटार वाहन कायद्यात कुठेही सांगितलेले नाही. ते नाकारण्यात संकोच वाटू नये. उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी नव्या वाहनांना 1 एप्रिल 2019 पासून उत्पादकानेच पुरवायची असते. तिची वेगळी रक्कम लावल्यास कारण विचारावे. फास्टॅग गाडीसोबतच मिळतो. प्रदूषण प्रमाणपत्र पहिले वर्षभर लागत नाही.

सजावटीच्या सामानात सर्वाधिक पैसा व्यर्थ जातो. पुढचे लोखंडी संरक्षक दांडे लावण्यास केंद्र सरकारची 2017 पासून मनाई आहे. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच बंदी घातली. सीटला बसवलेली वेष्टने बाजूच्या एअरबॅगच्या आड येऊ शकतात, म्हणून त्या गाडीसाठीच बनवलेली घ्यावीत.

खरोखर लागणाऱ्या वस्तू थोड्या : रबरी पायपुसणी, हवा भरण्याचा छोटा पंप, विजेरी, प्रथमोपचार पेटी, लहान अग्निशामक. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात काचेला लावायचा उन्हाचा पडदा हवा. गोव्याच्या पावसात वायपरची जोडी दर पावसाळ्यापूर्वी तपासावी, आणि समुद्रालगत राहणाऱ्यांनी गाडीचा तळ गोड्या पाण्याने अधूनमधून धुवावा. गंजरोधक लेपाचा आग्रह झाला, तर कंपनीच्या मूळ हमीत गंजाचा समावेश आहे का, ते आधी वाचावे.

ताबा घेताना डिकी उघडून जॅक, पाना आणि धोक्याचा त्रिकोण पाहावा. स्टेपनी आहे का, हेही पाहावे. टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असल्यास 2020 पासून उत्पादकाला ती न देण्याची मुभा आहे. नसेल, तर तो संच वापरायचा कसा, हे शोरूमच्या दारातच विचारून घ्यावे.