हजेरीपटापासून कॉल रेकॉर्डपर्यंत

टेलिफोन कंपन्या ग्राहकांच्या नोंदी सरकारी तपास यंत्रणांना पुरवितात, हा शहरातल्या सुखवस्तू माणसाचा प्रश्न आहे असे मानण्याची चूक आपल्या चळवळीने करू नये. वणीसारख्या तालुक्याच्या गावी राहून मी एवढे निश्चित सांगू शकतो की, या प्रश्नाचा इतिहास गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आणि पालांतून सुरू होतो.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणसाने गुन्हा केला की नाही, हे पाहण्याची गरजच उरली नाही. तो कोणत्या जमातीत जन्मला, एवढे पुरे झाले. नावाची नोंद, ठराविक वेळी हजेरी, गाव सोडायचे तर परवाना. तो कोठे गेला, कोणाकडे उतरला, केव्हा परतला, हे सारे सरकारदरबारी. पारध्यांसारख्या जमाती १९५२ साली कागदावर मुक्त झाल्या. पोलिसांची नजर मात्र बदलली नाही.

बाबासाहेबांच्या चळवळीवरही गुप्त पोलिसांचे लक्ष होते. त्यांचे अहवाल महाराष्ट्र शासनाने १९८२ साली साधनग्रंथात छापले. तो खंड वाचताना माझ्या ध्यानात आले की, आपण काय बोलतो याइतकेच आपण कोणाबरोबर उभे राहतो, हे सत्तेला हवे असते.

कॉल रेकॉर्ड नेमके हेच सांगते. त्यात बोलणे नसते. कोणी कोणाला, किती वाजता, किती वेळ फोन केला आणि तेव्हा फोन कोणत्या टॉवरच्या टप्प्यात होता, एवढेच असते. पण एखाद्या खेड्यात आपल्या माणसावर अत्याचार झाला असे समजा. रात्री त्याने कार्यकर्त्याला फोन केला, कार्यकर्त्याने वकिलाला, वकिलाने पत्रकाराला. एक शब्दही न ऐकता ही सारी साखळी टेबलावर मांडता येते. आणि फिर्यादी कोणाच्या आधाराने उभा आहे हे एकदा कळले, की दडपण कोठे आणायचे तेही कळते. शिवाय ही नोंद सरकारी कपाटातच राहते असेही नाही. २०१८ साली ठाणे पोलिसांनी अशा नोंदी बेकायदा मिळवून विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना अटक केली होती.

कायदा येथे कोणाच्या बाजूने आहे? १८८५ च्या तार कायद्याने सार्वजनिक आणीबाणी व सुरक्षिततेच्या नावाखाली संदेश अडविण्याचा अधिकार सरकारला दिला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही तो जवळजवळ त्याच शब्दांत कायम ठेवला. पीयूसीएलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली काही बंधने घातली: गृहसचिवाचा आदेश हवा, त्याची फेरतपासणी हवी. परंतु ही बंधने प्रामुख्याने बोलणे ऐकण्यावर आहेत. नोंदी मागविण्यासाठी पोलिसांना न्यायाधीशाचा हुकूम लागतोच असे नाही. आणि ज्याची नोंद गेली, त्याला कोणी कळवीत नाही. २०२१ च्या डिसेंबरपासून तर कंपन्यांनी या नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवाव्यात, असा सरकारचा दंडक आहे.

आमच्याच तालुक्यातल्या राजूरचे आनंद तेलतुंबडे. आपला फोन पेगॅसस या हेरगिरीच्या साधनाचे लक्ष्य झाल्याचे त्यांना २०१९ साली कळविण्यात आले. हे साधन फक्त सरकारांना विकतो, असे ते बनविणारी कंपनी म्हणते. आपल्या सरकारने ते वापरल्याची कबुली कधी दिली नाही. एल्गार परिषद प्रकरणात १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, ते तपास यंत्रणेच्या स्वाधीन झाले. उच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे संविधानदिनी, बाहेर आले. फोन फोडणे आणि नोंदी मागविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली उघड झाली की निदान ओरड तरी होते. दुसरीचा आवाजच होत नाही.

माझ्या लहानपणी टपाल कचेरीतून ट्रंक कॉल लावीत. तिथल्या बाबूला सारे ऐकू जाई, पण तो समोर बसलेला असे. आज पाहणारा दिसत नाही. म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी: न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय नोंद देऊ नये, तपास संपल्यावर संबंधिताला कळवावे, वर्षात किती नोंदी घेतल्या हे विधिमंडळापुढे मांडावे. संघटित व्हा, हा आपल्याला मिळालेला आदेश आहे. संघटनेची यादी आपल्या नकळत दुसऱ्याच्या हाती जात असेल, तर तो आदेश पाळणार कसा?