विंचा (बेलो ब्रदो)

विंचा : सर्बियातील नवाश्मयुगीन वस्तीचे प्रसिद्ध स्थळ. बेलग्रेडच्या आग्नेयेस सुमारे १४ किमी. अंतरावर, डॅन्यूब नदीच्या उजव्या तीरावर ते वसले आहे. स्थानिक लोक या जागेला बेलो ब्रदो म्हणतात. मध्य बाल्कनमधील उत्तर नवाश्मयुगीन संस्कृतीला याच गावावरून विंचा संस्कृती हे नाव पडले. याच नावाची अणुसंशोधन संस्था जवळच असून तेथे १९५८ मध्ये अणुभट्टीचा अपघात झाला होता. तिचा प्रस्तुत स्थळाशी संबंध नाही.

बेलो ब्रदो हे माणसांच्या राबत्याने उभे राहिलेले पांढरीचे टेकाड आहे. घर जळावे किंवा मोडावे, त्याची माती सपाट करून त्याच जागी नवे घर उभारावे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि वस्तीच्या थरांची जाडी नऊ मीटरांच्या वर गेली. सर्वांत खाली इ. स. पू. ५७०० च्या सुमारास आलेल्या स्टार्चेवो संस्कृतीच्या शेतकऱ्यांच्या खुणा आहेत. त्यावर सुमारे इ. स. पू. ५३०० ते ४५०० या आठशे वर्षांतले विंचा लोकांचे थर आहेत. घरे आयताकृती होती. लाकडी खांब रोवून त्यांवर कुडाच्या भिंती उभारीत आणि त्या भुसा मिसळलेल्या मातीने लिंपीत. घर जळाले की हे लिंपण विटेसारखे भाजून निघे. त्यात उमटलेले काठ्यांचे ठसे आजही बोटाने चाचपता येतात. खपलीच्या जातीचा व एकदाणी गहू, गुरे, डुकरे, शेळ्या-मेंढ्या आणि डॅन्यूबमधले मासे यांवर गावाचा निर्वाह चाले. भांडी घोटून चकचकीत केलेली, बरीचशी काळी किंवा करडी. झाकणांवर मोठे डोळे, टोकदार कान आणि नाक कोरलेले असते. तो चेहरा माणसाचा म्हणावा तर मांजराचा वाटतो आणि मांजराचा म्हणावा तर घुबडाचा. मातीच्या मूर्ती येथे शेकड्यांनी सापडल्या आहेत.

या स्थळाचे नाव पुरातत्त्वाच्या इतिहासात दोन कारणांनी घेतले जाते. एक, येथील वस्तीची समृद्धी. दुसरे, ही समृद्धी येथल्या लोकांची स्वतःची नसावी, ती कोठून तरी दुरून आली असावी, हे सिद्ध करण्यासाठी सत्तर-ऐंशी वर्षे खर्ची पडलेली विद्वत्ता. ट्रॉय, इजियन बेटे, आयोनिया, सुमेर, एट्रुरिया अशा अनेक ठिकाणांना विंचाचे जनकत्व किंवा अपत्यत्व देऊन झाले आहे. त्या सिद्धांतांचा वृत्तांत दिल्याशिवाय या स्थळाची नोंद पुरी होत नाही.

उत्खननाला १९०८ मध्ये मिलोये वासिच (१८६९–१९५६) यांनी आरंभ केला. ते सर्बियातील शास्त्रशुद्ध पुरातत्त्वाचे प्रवर्तक मानले जातात. म्युनिक येथे फुर्टवेंग्लर यांच्याकडे त्यांनी ग्रीक-रोमन पुरातत्त्वाचे शिक्षण घेतले होते आणि ती नजर त्यांच्याबरोबर आयुष्यभर राहिली. पहिल्या महायुद्धापूर्वीच त्यांनी सर्बियाच्या प्रागितिहासात आग्नेयेकडून, म्हणजे इजियन प्रदेशातून आलेले घटक दिसतात असे मांडले. युद्धानंतर काम पैशाअभावी रेंगाळले. १९२९ ते १९३१ या काळात बर्मिंगहॅमचे वृत्तपत्रमालक सर चार्ल्स हाइड यांनी खर्च उचलला. पक्ष्याच्या देहाचे आणि मुखवट्यासारख्या चेहऱ्याचे जे देखणे भांडे येथे मिळाले, त्याला त्यांच्याच नावाने हाइड पात्र म्हणतात. १९३२ ते १९३६ या काळात वासिच यांचा ‘प्रेइस्तोरिस्का विंचा’ हा चार खंडांचा ग्रंथ बाहेर पडला.

वासिच यांचे मत मात्र स्थिर राहिले नाही, आणि ते सरकले तेही उलट्या दिशेने. इतर अभ्यासक विंचाचा काळ मागे नेत असताना त्यांनी तो पुढे आणला. १९३० च्या दशकात त्यांनी निष्कर्ष काढला की, विंचा ही प्रागैतिहासिक वस्तीच नव्हे, इ. स. पू. सहाव्या शतकाच्या आसपास आयोनियन ग्रीकांनी डॅन्यूबकाठी वसवलेली ती वसाहत आहे. या मताला तीन आधार होते. पहिला हिंगुळाचा. बेलग्रेडच्या दक्षिणेकडील आवाला डोंगरात शुप्ल्या स्तेना येथे हिंगुळाची जुनी खाण आहे, आणि विंचाच्या थरांत हिंगूळ सापडत होता. घरांमधल्या घुमटाकार भट्ट्या त्यावर प्रक्रिया करण्यासाठीच बांधल्या असाव्यात असे वासिच यांना वाटले, आणि इतका खटाटोप करणारे लोक म्हणजे समुद्रापार व्यापार करणारे ग्रीकच, असा तर्क त्यांनी पुढे नेला. दुसरा आधार एका खड्ड्याचा. तळाच्या थरात अनेक सांगाडे असलेला, आत शिरायला बोळ असलेला खड्डा मिळाला. त्यांनी त्याला ग्रीक थडग्यांच्या परिभाषेत द्रोमॉस असलेली समाधी म्हटले. तिसरा आधार मूर्ती व भांड्यांच्या घडणीतील साम्याचा.

यांतले एकही निरीक्षण खोटे नव्हते. हिंगूळ होता, भट्ट्या होत्या, बोळही होता. पण भट्ट्या भाकरी भाजण्याच्या आणि घर उबदार ठेवण्याच्या होत्या. हिंगूळ रंगासाठी वापरला जात होता, हे पुढे रासायनिक परीक्षणाने स्पष्ट झाले. आणि तो सांगाड्यांचा खड्डा स्टार्चेवो काळातला, म्हणजे पहिले आयोनियन नगर वसण्याच्या चार हजारांहून अधिक वर्षे आधीचा निघाला. असे असूनही वासिच यांच्याविषयी आदर कमी होण्याचे कारण नाही. प्रत्येक वस्तू किती खोलीवर मिळाली हे त्यांनी इतक्या काटेकोरपणे नोंदवून ठेवले की, त्यांचा सिद्धांत कोसळल्यावरही त्यांच्या नोंदी उभ्या राहिल्या. विंचा संस्कृतीच्या टप्प्यांची चर्चा आजही त्यांच्या मीटरांत होते. चुकीचा निष्कर्ष आणि प्रामाणिक नोंद यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

आयोनियन वसाहतीचे मत फार कोणी स्वीकारले नाही. पण विंचा बाहेरून घडली, ही समजूत वासिच यांच्या टीकाकारांचीही होती. व्ही. गॉर्डन चाइल्ड यांनी १९२९ च्या ‘द डॅन्यूब इन प्रीहिस्टरी’ या ग्रंथात विंचाची सांगड ट्रॉयशी घातली. व्लादिमिर मिलोयचिच यांनी १९४९ मध्ये हीच सांगड कालक्रमाच्या तक्त्यात पक्की बसवली. यामागे एक व्यावहारिक अडचण होती. युरोपच्या प्रागितिहासाला स्वतःचे घड्याळ नव्हते. लिखित इतिहासामुळे तारखा फक्त ईजिप्त व मेसोपोटेमियाच्या ठाऊक होत्या. तेथून ट्रॉय, ट्रॉयहून विंचा, असे साम्यांच्या पायऱ्यांवरून उतरतच काळ ठरवावा लागे. मग साम्य हाच कालमापनाचा आधार आणि कालमापन हाच साम्याचा पुरावा, असे वर्तुळ पुरे होई.

विंचा संस्कृतीत आढळणाऱ्या चिन्हांचा वाद याहून जुना आहे. ट्रान्सिल्व्हेनियातील तुर्दाश येथे झोफिया तोर्मा (१८३२–१८९९) यांनी १८७५ पासून उत्खनन केले आणि भांड्यांवर कोरलेल्या रेघोट्या, फुल्या व जाळ्या गोळा केल्या. त्यांनी त्यांची तुलना ट्रॉय व बॅबिलोनियातील चिन्हांशी केली. स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद असताना त्यांनी युरोपातल्या नामवंत विद्वानांशी बरोबरीने पत्रव्यवहार केला, ही गोष्ट त्यांच्या तुलनांपेक्षा अधिक टिकाऊ ठरली.

खरी खळबळ १९६१ मध्ये उडाली. तुर्दाशपासून फार दूर नसलेल्या तार्तारिया येथे निकोलाए व्लासा यांना एका खड्ड्यात मानवी हाडे, मूर्ती, शिंपल्याचे कडे आणि तीन छोट्या मातीच्या पाट्या मिळाल्या. एक गोल, दोन चौकोनी. गोल पाटीला आणि एका चौकोनी पाटीला भोक पाडलेले. गोल पाटीवर आडव्या-उभ्या रेघांनी चार घरे पाडून त्यांत चिन्हे कोरली आहेत, आणि ती पाहताच सुमेरच्या आरंभीच्या लेखनाची आठवण होते. तज्ज्ञांनाही ती झाली. आडाम फाल्केनश्टाइन यांच्यासारख्या सुमेरविदाने साम्याची दखल घेतली; सिंक्लेअर हूड यांनी १९६७ मध्ये पाट्यांचा स्रोत मेसोपोटेमियाकडे शोधला. या मताप्रमाणे पाट्या इ. स. पू. ३००० च्या आसपासच्या आणि विंचा त्यांच्या बरोबरीची, म्हणजे जुना तक्ता सुरक्षित राहत होता.

तो फार काळ राहिला नाही. विंचा थरांतल्या कोळशाच्या कार्बन-१४ तारखा याआधीच अपेक्षेहून खूप जुन्या येत होत्या, आणि मिलोयचिच यांनी त्या पद्धतीवरच अविश्वास दाखवला होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हान्स झ्यूस यांनी कॅलिफोर्नियातील दीर्घायुषी पाइनवृक्षांची वलये मोजून कार्बन तारखा पडताळल्या, तेव्हा त्या आणखी शेकडो वर्षे मागे सरकल्या. कॉलिन रेनफ्रू यांनी याचा अर्थ उलगडून सांगितला : विंचा ट्रॉयहून दीड-दोन हजार वर्षांनी जुनी आहे. पुत्र पित्याच्या आधी जन्मला होता. तार्तारियाच्या पाट्या मिळाल्यानंतर जतनासाठी भाजल्या गेल्या, त्यामुळे त्यांचे थेट वय काढता येत नाही. पण त्याच खड्ड्यातील हाडांचे वय इ. स. पू. ५३०० च्या आसपास आले. पाट्या हाडांबरोबरच पुरलेल्या असतील, तर सुमेरचे लेखन जन्माला यायला तेव्हा दोन हजार वर्षे होती.

यानंतर बाण उलटा फिरवण्यात आला. मारिया गिंबुटास यांनी या चिन्हांना ‘प्राचीन युरोपची लिपी’ म्हटले. रादिवोये पेशिच यांनी तर त्यांतून वर्णमाला काढून एट्रुस्कन लिपीशी जोडली. शान विन यांनी चिन्हांचा पद्धतशीर अभ्यास करून त्यांना लेखनपूर्व म्हणणे पसंत केले, आणि तेच अधिक सयुक्तिक आहे. बहुतेक भांड्यांवर एखाद-दुसरेच चिन्ह असते, तेही बहुधा बुडाशी. लांब ओळी, पुनरावृत्तीचे नियम, शब्दांचे गट असे काही मिळत नाही. मालकी, कुळ, नवस किंवा मोजदाद यांसाठी खूण करणाऱ्या माणसाला लिपीची गरज नसते, आणि लिपी नसल्याने त्याला कमीपणाही येत नाही. सुमेरने विंचाला जन्म दिला हे मत जितके निराधार, तितकेच विंचाने जगाला अक्षरे दिली हेही. पहिल्याने बाल्कन शेतकऱ्यांचे कर्तृत्व हिरावून घेतले. दुसऱ्याने त्यांच्या पदरी नसलेले कर्तृत्व टाकून जे होते ते झाकले.

जे होते ते थोडे नव्हते. विंचात मिळालेले ज्वालाकाचेचे पाते कार्पेथियन पर्वतरांगांतून आले होते. स्पॉन्डिलस या काटेरी शिंपल्याची कडी भूमध्य सागराच्या किनाऱ्याहून, हस्ते परहस्ते, शेकडो किलोमीटर आत पोहोचली होती. दूरच्या प्रदेशांशी संबंध होता, पण तो शिंपला, दगड आणि ओळखीपाळखींचा होता, वसाहतवाल्यांचा नव्हता. पूर्व सर्बियातील रुदना ग्लावा येथे बोरिस्लाव योवानोविच यांनी विंचाकालीन तांब्याची खाण उजेडात आणली. बेलोवोदे येथे इ. स. पू. ५००० च्या सुमारास तांबे गाळल्याचा पुरावा मिळाला असून तो जगातील सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी आहे. धातूच्या शोधात पूर्वेकडून कोणी आले आणि येथल्यांना शहाणे करून गेले, ही चाइल्डकालीन कल्पना या मळीच्या तुकड्यांपुढे टिकत नाही.

१९७८ नंतर, आणि पुन्हा १९९८ पासून, येथे नव्याने उत्खनन झाले. अलीकडे तारखांच्या सांख्यिकीय विश्लेषणाने थरांचा काळ पिढ्यांच्या हिशेबापर्यंत बारीक करण्यात आला आहे. डॅन्यूबने टेकाडाचा काही भाग केव्हाच गिळला असून दरड कोसळण्याचा धोका कायम आहे. संरक्षणाच्या कामात नदीकाठ सावरणे हेच सर्वांत निकडीचे मानले पाहिजे. स्थळावर छोटे संग्रहालय आहे. मुख्य वस्तू बेलग्रेडमधील राष्ट्रीय संग्रहालय, नगर संग्रहालय आणि विद्यापीठाचा पुरातत्त्व संग्रह यांत विभागलेल्या आहेत, त्यामुळे अभ्यासकाला तिन्ही ठिकाणे पाहावी लागतात.