आधी पाण्याचा हिशेब, मग धरणाचा

जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातले. त्याच्या नावाने ओळखले जाणारे धरण मात्र तेथून सुमारे १०० किलोमीटर वरच्या अंगाला, पैठण येथे आहे. हैदराबाद राज्याच्या काळात गोदावरीवर जायकवाडीजवळ धरण बांधण्याची योजना पुढे आली होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर नव्याने झालेल्या पाहणीत धरणाची जागा पैठणला सरकली. कागदोपत्री रुळलेले नाव तेवढे मागे राहिले. प्रस्तावित प्रकल्पाचा व्यवहार्यता अहवाल कशासाठी करायचा असतो, याचे याहून बोलके उदाहरण मराठवाड्यात सापडणे कठीण आहे.

जागा बदलण्यामागचे कारण साधे होते. कालव्यातील पाणी उताराने वाहते. ते जितक्या उंचीवर अडवावे तितकी अधिक जमीन त्याच्या कक्षेत येते. पैठणची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट आहे. तेथून निघालेला २०८ किलोमीटरचा डावा कालवा जालना जिल्हा ओलांडून परभणी जिल्ह्यात पाथरी, मानवत, परभणी या तालुक्यांपर्यंत पोहोचतो. या कालव्याचे नियोजित सिंचनक्षेत्र १ लाख ४१ हजार ६४० हेक्टर, तर १३२ किलोमीटरच्या उजव्या कालव्याचे ४१ हजार ६८२ हेक्टर. या निवडीची किंमतही मोठी होती. पैठणचा परिसर सपाट असल्याने धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब बांधावी लागली आणि नाथसागर सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर उथळ पसरला. शंभरावर गावांना बुडिताची झळ बसली आणि पसरट जलाशयातून होणारे बाष्पीभवन कायमचे पदरी आले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले.

व्यवहार्यता अहवाल म्हणजे प्रकल्पाची शिफारस नव्हे, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रस्तावित काम तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे काय, खर्चाच्या मानाने लाभ किती, कायदा त्याला वाव देतो काय आणि त्याची झळ कोणाला बसेल, या प्रश्नांची उत्तरे त्यात शोधायची असतात. ‘हा प्रकल्प करू नये’ हाही त्याचा तितकाच वैध निष्कर्ष ठरतो. प्रत्यक्षात असा निष्कर्ष क्वचितच वाचायला मिळतो, ही गोष्ट वेगळी. प्राथमिक पाहणीवरून पूर्वव्यवहार्यता अहवाल, त्यात तथ्य आढळल्यास व्यवहार्यता अहवाल आणि अखेरीस संकल्पचित्रे व अंदाजपत्रकासह सविस्तर प्रकल्प अहवाल, असा हा क्रम असतो.

पाटबंधारे प्रकल्पात या साऱ्याची सुरुवात नदीत येणाऱ्या पाण्यापासून होते. मोठ्या सिंचन प्रकल्पांसाठी ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा धरण्याची पद्धत आहे. समजा, ३९ वर्षांच्या नोंदी हाती आहेत. ते आकडे उतरत्या क्रमाने मांडले, की तिसाव्या क्रमांकावर जो आकडा येतो तो ७५ टक्के विश्वासार्हतेचा, म्हणजे चारपैकी सरासरी तीन वर्षे तरी मिळण्याजोगा येवा. धरणाची उंची, कालव्याचे आकारमान, लाभक्षेत्र आणि पिकांची आखणी हे सर्व या एका आकड्यावर उभे राहते. नोंदी थोड्या असल्या किंवा त्या नेमक्या पावसाळी वर्षांच्या असल्या, तर पुढचे गणित कितीही काटेकोर केले तरी चुकते. पुष्कळदा नदीवर प्रवाहमापन केंद्रच नसते. मग शेजारच्या खोऱ्यातील मोजमापांवरून किंवा पावसाच्या आकड्यांवरून येवा काढावा लागतो आणि अशा अंदाजातील संभाव्य चूक किती, हे अहवालात नमूद करणे अगत्याचे ठरते.

त्याहून अवघड भाग वरच्या वापराचा. पैठणच्या जलाशयाची एकूण साठवण क्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर व उपयुक्त क्षमता २१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७६ टीएमसी. परंतु त्याचे पाणलोट क्षेत्र नाशिक आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांत पसरले आहे आणि तेथे धरणांची संख्या वाढत गेली. परिणामी पैठणचा जलाशय अपुरा भरण्याची वर्षे वारंवार येऊ लागली. २०१२ च्या दुष्काळात वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागले आणि वाद न्यायालयात गेला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने समन्यायी वाटपाची सूत्रे घालून दिली. १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीत उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्के पाणी असावे, हा त्यातील कळीचा आकडा. २३ सप्टेंबर २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश ग्राह्य धरला. कालव्याच्या शेवटाकडील परभणीच्या शेतकऱ्याला रब्बीची आवर्तने किती मिळणार, याचे उत्तर अशा रीतीने इगतपुरीच्या पावसात आणि मुंबईच्या न्यायालयात दडलेले असते. पूर्णा नदीवरील येलदरी धरणाची स्थितीही निराळी नाही. जिंतूर तालुक्यातील या धरणाच्या वर, बुलडाणा जिल्ह्यात, नंतर खडकपूर्णा प्रकल्प झाला.

परभणी जिल्ह्यातील नव्या प्रस्तावाला आणखी एक मर्यादा आहे आणि ती नदीने नव्हे, तर लवादाने घातलेली आहे. गोदावरी पाणीतंटा लवादाचा अंतिम निवाडा १९८० मध्ये झाला. त्यानुसार गोदावरीवर पैठणपर्यंतचे आणि पूर्णेवर सिद्धेश्वर धरणापर्यंतचे सर्व पाणी महाराष्ट्राला वापरता येते. त्याखाली पोचमपाडपर्यंतच्या पट्ट्यात, निजामसागरखालील मांजरा धरून, नव्या प्रकल्पांसाठी मुभा आहे ती केवळ ६० टीएमसीची. परभणी जिल्ह्याचा गोदाकाठ याच पट्ट्यात येतो. ढालेगाव, मुदगल, डिग्रस हे जिल्ह्यातील बंधारे असोत वा सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडी येथे दुधना नदीवर झालेला निम्न दुधना प्रकल्प असो, प्रत्येकाचा वापर या हिशेबात मांडावा लागतो. नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्यावरून आंध्र प्रदेशाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने महाराष्ट्राला २.७४ टीएमसी साठवणीची मुभा मिळाली, मात्र १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे उघडे ठेवण्याच्या अटीवर. गोदावरीला पूर येतो तो याच काळात.

पाणी उपलब्ध आहे एवढ्याने जमीन सिंचनयोग्य ठरत नाही. परभणीची काळी कसदार माती कापसाला व ज्वारीला मानवते. कालव्याला ती मानवतेच असे नाही. ही माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि अस्तरीकरणाला तडे जातात. त्यामुळे अशा पट्ट्यात कालव्याच्या तळाशी व बाजूंना मुरमाचा थर देण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा लागतो. अतिसिंचनाने जमीन पाणथळ वा चोपण होण्याचा धोका असतो, म्हणून निचऱ्याची पाहणीही हवी. पिकांचे गृहीतक हा तर कायमचा कच्चा दुवा. नियोजन खरीप-रब्बीच्या आठमाही सिंचनाचे असते आणि हाती पाणी आले, की वरच्या शिवारात ऊस उभा राहतो. शेवटच्या चाऱ्या कोरड्या पडतात त्या निव्वळ धरण रिकामे असल्यामुळे नव्हे.

आर्थिक कसोटी लाभव्यय गुणोत्तराची. नियोजन आयोगाच्या काळापासून सिंचन प्रकल्पांसाठी ते साधारणतः दीड असावे आणि अवर्षणप्रवण भागात एक असले तरी चालावे, असा निकष रूढ आहे. हे गुणोत्तर काम ठरल्या वेळेत पूर्ण होईल, या गृहीतावर काढलेले असते. २०१६ मध्ये केंद्राने रखडलेल्या ९९ सिंचन प्रकल्पांना प्राधान्य देण्याचे ठरविले, त्या यादीत निम्न दुधनाचे नाव होते. विलंबाचे प्रत्येक वर्ष खर्च वाढवते आणि लाभ पुढे ढकलते. म्हणून अहवालात ‘काम पाच वा दहा वर्षे लांबले तर’ या शक्यतेचे गणित स्वतंत्रपणे असावयास हवे.

बुडिताचा आणि मावेजाचा प्रश्न जुन्या अहवालांत अखेरच्या पानांत उरकलेला असे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याने त्याला पुढे आणले. सिंचन प्रकल्पात जमीन पाण्याखाली जाण्यापूर्वी सहा महिने पुनर्वसन पूर्ण झाले पाहिजे, असे या कायद्यात स्पष्टपणे म्हटले आहे. त्यामुळे पुनर्वसित गावठाणाची जागा, तेथील पिण्याचे पाणी आणि रस्ता यांची पाहणी धरणाच्या पायाच्या विंधनाबरोबरच करावी लागते.