जमिनीवरील हक्काचे माप : अमेरिकेची पश्चिम सीमा व इटियाडोहचा परिसर

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या इतिहासात ‘पश्चिमेकडील विस्तार’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. ‘विस्तार’ या शब्दाने पुढे सरकणाऱ्याचा निर्देश होतो. ज्याच्या भूमीवर तो सरकतो त्याचा होत नाही. अशा विस्ताराचे खरे स्वरूप पाहावयाचे तर जमिनीवरील हक्क कोणत्या मापाने मोजला गेला, हे पाहिले पाहिजे.

अमेरिकेत हे माप क्षेत्रफळाचे होते. १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्या कुटुंबप्रमुखास १६० एकर सरकारी जमीन मिळू लागली. त्याच वर्षी पॅसिफिक रेल्वेचा कायदा झाला आणि १० मे १८६९ रोजी यूटा प्रदेशातील प्रोमॉन्टरी येथे पूर्व व पश्चिम या दोन्ही दिशांकडून आलेले रूळ जोडले गेले. संघशासनाने रेल्वे कंपन्यांना एकूण सुमारे १३ कोटी एकर जमीन दिली. ही भूमी निर्जन नव्हती. १८८७ च्या डॉज कायद्याने मूळ रहिवाशांच्या सामूहिक जमिनीचेही तुकडे पाडण्यात आले. त्या वर्षी त्यांच्याकडे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ पर्यंत ती ४ कोटी ८० लाख एकरांवर आली.

वैनगंगेच्या खोऱ्यातील इटियाडोहच्या परिसराचा याच दृष्टीने विचार केल्यास एक वेगळे माप आढळते. चांद्याच्या गोंड राजघराण्याविषयीच्या परंपरेनुसार राजा हीरशाह याने असे जाहीर केले होते की, जो रान तोडील त्यास ती जमीन मिळेल आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन मिळेल. या परंपरेतील प्रत्येक तपशील ऐतिहासिक मानता येणार नाही. तथापि तीत व्यक्त झालेली कल्पना महत्त्वाची आहे. येथे हक्काचे माप पाणी हे होते. कोहळी समाजाने या प्रदेशात बांधलेले तलाव व बोड्या याची साक्ष देतात. इटियाडोहच्याच अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला, अशी लोकपरंपरा आहे. अर्थात ज्या रानात हे तलाव झाले, तेही कोणाचे तरी जीवनक्षेत्र होते, याचा विसर पडू नये.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले व १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली. त्यानंतर आलेल्या जमाबंदीला इंग्रजीत ‘सेटलमेंट’ म्हणत. हाच शब्द अमेरिकेत नव्या वसाहतीस लावला जाई. एकच शब्द तेथे माणसाच्या वस्तीचा, तर येथे महसुलाच्या आकारणीचा वाचक ठरला. ‘मालगुजार’ या संज्ञेचा इतिहासही असाच बोलका आहे. फारसी वळणाच्या या शब्दाचा मूळ अर्थ महसूल भरणारा एवढाच. परंतु १८६० च्या दशकातील बंदोबस्ताने त्यास मालकी हक्क दिला आणि भरणारा तो मालक झाला. पाण्याच्या मापाची जागा महसुलाच्या मापाने घेतली. तलाव मालगुजाराचे ठरले. गावकऱ्यांचे पाण्याचे व निस्ताराचे हक्क मात्र ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदले गेले, ही गोष्ट पुढे मोलाची ठरली.

याच काळात औद्योगिक परिवर्तनाची चाहूल लागली. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली. १८७७ मध्ये तेथे जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. नागपूर-छत्तीसगढ रेल्वे १८८२ पर्यंत गोंदियामार्गे राजनांदगावपर्यंत पोहोचली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती ताब्यात घेऊन रुंद केली. अमेरिकेत कंपन्यांना जमीन मिळाली, तर भारतात गुंतवलेल्या भांडवलावर व्याजाची हमी मिळाली. ही हमी सरकारी तिजोरीतून दिली जाई आणि त्या तिजोरीचा एक मोठा आधार जमीनमहसूल होता. त्यामुळे रुळांचा भार शेवटी नांगरावरही पडला. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी रानावर सरकारचा अधिकार प्रस्थापित केला. तांदूळ, लाकूड आणि पुढे मँगनीज व विडीपत्ता यांची किंमत गावाबाहेरील बाजार ठरवू लागला.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली व तलाव शासनाकडे गेले. पूर्व विदर्भातील अशा तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक भरते. निस्ताराचे हक्क राहिले, परंतु पाळ व पाट दुरुस्त ठेवण्यात ज्याचा प्रत्यक्ष स्वार्थ होता तो दुवा तुटला आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले. १९७० मध्ये गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण पूर्ण झाले. ‘डोह’ म्हणजे नदीच्या पात्रातील खोल पाणी. तो निसर्गाने घडविलेला असतो. त्याचे नाव धारण करणाऱ्या या जलाशयाने दूरवरचे धानाचे क्षेत्र भिजविले. मात्र येथे हक्क ठरतो तो लाभक्षेत्राच्या नकाशावर. तलाव बांधणारा, राखणारा व वापरणारा या तिघांतील जुना निकट संबंध या नकाशात उरत नाही.

तेव्हा क्षेत्रफळ, महसूल आणि लाभक्षेत्र ही तिन्ही मापे राज्यसंस्थेने वरून लावलेली आहेत. हीरशाहाच्या परंपरेतील मापही राजाज्ञेनेच आले. परंतु त्यात हक्कापूर्वी श्रमाची व पाण्याची अट होती. मालगुजारी तलावांच्या पुनरुज्जीवनाचा विचार करताना केवळ गाळ उपसून भागणार नाही. पाळीची जबाबदारी व पाण्याचा हक्क पुन्हा एका ठिकाणी आणावा लागेल, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.