दप्तरी राहिलेली इंजिने

अमेरिकेच्या मोटारधंद्यात 1964 हे साल ज्या चुरशीने गाजले, तिचा निवाडा शर्यतीच्या मैदानाइतकाच नियमांच्या दप्तरातही झाला. आणि पुढे ‘मसल कार’ म्हणून ख्याती पावलेल्या बलदंड मोटारींच्या इतिहासातील काही इंजिने इतकी दुर्मीळ का राहिली, याचा उलगडा त्या दप्तरातच होतो.

त्या वर्षी 23 फेब्रुवारीस फ्लोरिडातील डेटोना येथे झालेली 500 मैलांची शर्यत रिचर्ड पेटी याने क्रायस्लरच्याच प्लिमथ मोटारीतून जिंकली, व पुढचे दोन क्रमांकही प्लिमथनेच पटकावले. या पराक्रमाचे मूळ क्रायस्लर कंपनीच्या 426 घन इंचांच्या ‘हेमी’ इंजिनात होते. त्याचे ज्वलनकक्ष अर्धगोलाकार असल्यामुळे मोठ्या झडपांना अवकाश मिळे आणि सिलिंडरांचा श्वासोच्छ्वास मोकळा होई. फोर्डच्या अभियंत्यांनी प्रत्युत्तरादाखल आपल्या 427 घन इंचांच्या इंजिनातील, झडपांची उघडझाप करणारा, मधला कॅमशाफ्ट काढून दोन्ही हेडांवर एकेक कॅमशाफ्ट चढवला, तो फिरवण्यासाठी सुमारे सहा फूट लांबीची साखळी योजली, आणि 600 हून अधिक अश्वशक्तीचे ‘कॅमर’ सिद्ध केले. त्यावर मात करण्यासाठी क्रायस्लरने प्रत्येक हेडवर दोन कॅमशाफ्ट व प्रत्येक सिलिंडरास चार झडपा असलेल्या ‘ए-925’ ची सिद्धता आरंभली.

परंतु या शर्यतींचे नियमन करणाऱ्या नॅस्कार संस्थेचे सर्वाधिकारी थोरले बिल फ्रान्स यांचा दंडक असा की, शर्यतीतील यंत्र सामान्य गिऱ्हाइकास मिळणाऱ्या मोटारीतलेच असावे. खास शर्यतीपुरती घडवलेली यंत्रे त्यांना नामंजूर होती. 1965 च्या हंगामासाठी हेमी व कॅमर या दोहोंवर मनाई आली, क्रायस्लरने निषेधार्थ अंग काढून घेतले, आणि ‘ए-925’ नमुन्याच्या अवस्थेतच थिजले.

येथून दोन कारखान्यांच्या वाटा भिन्न झाल्या. क्रायस्लरने 1966 मध्ये 425 अश्वशक्तीचे हेमी रस्त्यावरच्या मोटारींत घालून विक्रीस काढले व नियमाची अट पुरी केली. फोर्डने मात्र कॅमर आपल्या कोणत्याही विक्रीच्या मोटारीत बसवले नाही. ते सुटे विकले गेले, आणि पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतींत कॉनी कॅलिटासारख्या चालकांच्या हाती त्याने आपले तेज दाखवले.

फ्रान्स यांचा दंडक कठोर होता, तरी त्याच्यामुळेच शर्यतीसाठी कमावलेली विद्या सामान्य खरेदीदाराच्या दारी पोहोचली, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि जे ‘ए-925’ इंजिन त्या काळी मंजुरीवाचून राहिले, त्यातील कल्पना मात्र निष्फळ नव्हती. हेडवरील दुहेरी कॅमशाफ्ट व सिलिंडरास चार झडपा ही रचना आज पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरील साध्या कौटुंबिक मोटारीतही आढळते. म्हणून अशा नमुन्यांना केवळ हौशी संग्राहकांच्या मोलाने जोखणे अन्यायाचे आहे; आपल्या काळाची अभियांत्रिकी कोठवर पोहोचली होती, याचा सर्वांत प्रामाणिक पुरावा तेच देतात.