नकाशांची अदलाबदल

प्रत्येक शहराने पाहुण्यांसाठी एक गोष्ट राखून ठेवलेली असते. पुण्यात शनिवारवाडा बघायला गेलात की 'काका, मला वाचवा' ऐकल्याशिवाय सुटका नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेलात की फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनची गोष्ट ऐकावी लागते. सिडनीला मुलीकडे जाताना भाच्याने मला शनिवार-रविवारसाठी वाटेत उतरवून घेतलं. आपल्याकडे नाही का, पुण्याला निघालेल्या माणसाला कल्याणचे नातेवाईक उतरवून घेत, तसंच. शनिवारी सकाळी त्याने मला स्टेशनसमोर उभं केलं आणि कीर्तनकाराच्या थाटात सुरुवात केली.

"मामा, हे समोर दिसतंय ना, ते खरं म्हणजे मुंबईचं स्टेशन. लंडनमध्ये दोन नकाशे एकदम तयार झाले आणि पोस्टात पाकिटांची अदलाबदल झाली. इथला नकाशा मुंबईला गेला, मुंबईचा इथे आला. म्हणजे आपलं व्ही.टी. यांचं, आणि हे आपलं!"

इमारत देखणी आहे, यात शंका नाही. पिवळसर रंग, वर घुमट, दाराशी मोठी कमान आणि कमानीखाली ओळीने घड्याळं. कुठल्या मार्गावरची पुढची गाडी किती वाजता, ते एकेक घड्याळ सांगतं. १९८३ साली ही घड्याळं काढून त्या जागी आकडेवाले फलक लावायचं ठरलं, तर लोकांनी असा आरडाओरडा केला की निर्णय ताबडतोब फिरवावा लागला. बरोबरच आहे. 'घड्याळांखाली भेटू' असं म्हणून ज्यांची लग्नं जमली, ती माणसं गप्प बसतील कशी?

पण मी पडलो ऑडिटमध्ये जन्म काढलेला माणूस. गोष्ट ऐकली की आधी तारखा बघायच्या, ही खोड नोकरी संपली तरी संपत नाही. व्ही.टी.चं काम सुरू झालं १८७८ साली, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या देखरेखीखाली, आणि दहाएक वर्षांत ते पुरं झालं. फ्लिंडर्स स्ट्रीटच्या नकाशांची स्पर्धा लागली १८९९ साली. ती जिंकली फॉसेट आणि ॲशवर्थ या रेल्वेच्याच नोकरीतल्या दोघांनी, आणि इमारत उभी राहिली १९१० साली. म्हणजे मुंबईचं स्टेशन बांधून होऊन, त्यावर कबुतरांचे संसार थाटून झाल्यावर दहा वर्षांनी इथे स्पर्धा निघाली. पोस्टखात्यावर माझा विश्वास दांडगा आहे. पण जे पत्र अजून लिहिलेलंच नाही ते दहा वर्षं आधी चुकीच्या पत्त्यावर टाकणं त्यांनाही जमणार नाही.

"तारखा काढू नका हो मामा, मजा जाते!" भाचा म्हणाला.

"मजा तारखांतच आहे," मी म्हटलं. बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ ला. ऑस्ट्रेलियातली वाफेच्या इंजिनाची पहिली प्रवासी गाडी याच फ्लिंडर्स स्ट्रीटवरून सुटली १२ सप्टेंबर १८५४ ला. म्हणजे या घरात आपण सतरा महिन्यांनी थोरले. एवढं नातं असताना पाकिटं बदलायची गरजच काय?

दुपारभर ट्राममधून हिंडलो. शहराच्या मध्यभागात ती फुकट आहे, आणि फुकटच्या वाहनातून मध्यमवर्गीय माणसाला उतरवणं सोपं नसतं. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. तेव्हापासूनची थकबाकी मी एका दुपारी वसूल केली.

रात्री जेवायला लिटल बर्क स्ट्रीटवरच्या चायनाटाउनमध्ये गेलो. भाचेसुनेने एवढं मागवलं की टेबलावर कोपर टेकायला जागा उरली नाही. नूडल्सशी माझी झटापट चालू असताना मला या वस्तीची हकीकत आठवली. १८५१ साली इथे सोनं सापडलं, तसे चिनी लोकही नशीब काढायला आले. १८५५ साली इथल्या वसाहत सरकारने बोटीने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंड कर बसवला. तेव्हा ते पठ्ठे शेजारच्या वसाहतीत, रोब नावाच्या बंदरात उतरू लागले आणि तिथून शेकडो किलोमीटर चालत खाणींवर पोचू लागले. दहा पौंड वाचवायला आळंदी-पंढरपूरपेक्षा लांबची वारी! त्यांच्या वस्तीत बसून ताटात काही टाकणं मला प्रशस्त वाटेना. नूडल्स संपवल्या.

रविवारी सकाळी क्वीन व्हिक्टोरिया मार्केट झालं. तिथे एका गाडीवर पोटात जॅम भरलेले गरमागरम डोनट मिळतात. अनारशाची आठवण काढत काढत मी तीन खाल्ले. मग ट्रामने स्प्रिंग स्ट्रीटला आलो. समोर पार्लमेंट हाउसचे भले थोरले खांब. भाचा म्हणाला, "राज्याची विधानसभा. फोटो काढा, चला."

फोटो काढण्याआधी मी जरा थांबलो. कारण १९०१ ते १९२७, म्हणजे कॅनबेराला जाईपर्यंत, साऱ्या ऑस्ट्रेलियाची संसद याच इमारतीत भरत होती. आणि १९०१ सालीच तिने परदेशी लोकांना रोखण्याचा एक कायदा केला. 'काळ्या-पिवळ्यांना मज्जाव' असं उघड लिहिलं तर हिंदी प्रजा दुखावेल, जपान चिडेल, म्हणून इंग्रज सरकार कां-कूं करत होतं. मग दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीची युक्ती उचलली. काय युक्ती? शुद्धलेखन! बंदरावरचा अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा सांगणार, पाहुण्याने तो लिहायचा. भाषा युरोपातली, आणि ती कोणती हे अधिकारी ठरवणार. तुम्हाला इंग्रजी येतं? उत्तम! मग स्वीडिश घ्या. १९०९ नंतर या परीक्षेत एकही उमेदवार पास झाला नाही. आमच्या वेळचे कडक मास्तरही एवढा निकाल लावत नसत.

१९३४ साली एगॉन किश नावाचा पत्रकार आला. सरकारला नको असलेला. बोटीवरून उतरू देईनात म्हणून त्याने मेलबर्नच्या धक्क्यावर उडी टाकली आणि पाय मोडून घेतला. त्याला युरोपातल्या बऱ्याच भाषा येत, म्हणून पुढे सिडनीला त्याला स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत उतारा घातला. शेवटी हायकोर्टाने सांगितलं, कायद्याच्या अर्थाने ही युरोपची भाषाच नव्हे!

आणि हे शहर वसवायला आले त्यांची कोणी परीक्षा घेतली होती? १८३५ साली जॉन बॅटमन (हा खराखुरा, सिनेमातला नव्हे) नदीकाठी आला आणि घोंगड्या, चाकू, कात्र्या, आरसे आणि पीठ देऊन मूळ रहिवाशांच्या वडीलधाऱ्यांकडून सुमारे सहा लाख एकर जमीन घेतल्याचे कागद करून मोकळा झाला. सरकारने तो सौदा रद्द केला. का? तर जमीन त्या लोकांची नसून विलायतेच्या राजाची, म्हणून! अदलाबदल झाली ती ही. नकाशांची नव्हे.

कधी न झालेली चूक शहर हौसेने सांगतं. जाणूनबुजून केलेलं मात्र पाहुण्याला स्वतः शोधावं लागतं. आपली गावं तरी कुठे वेगळी आहेत?

"मग मी कसा आलो?" भाच्याने विचारलं. ती परीक्षा १९५८ साली गेली, रंग बघून निवड करण्याचं धोरण १९७३ साली संपलं. भाच्यानेही इंग्रजीची परीक्षा दिलीच होती, पण भाषा आधी सांगून. २०२१ च्या जनगणनेत तिथल्या परदेशी जन्मलेल्यांत इंग्लंडच्या खालोखाल भारताचा नंबर लागला आहे. बंदरावरचे ते अधिकारी आज असते तर उतारे सांगून त्यांचा घसा बसला असता.

संध्याकाळी घरी नात वही घेऊन आली. रविवारच्या मराठी वर्गाचा गृहपाठ राहिला होता. "आजोबा, तुम्ही डिक्टेशन घाला ना. आईचं फार फास्ट असतं."

मी सावकाश सांगत गेलो. आजोळ, पाऊस, ऋषी, विहीर. 'विहीर'ची पहिली वेलांटी कुठली, यावर ती पेन्सिल चावत बसली. दहा शब्दांत सहा चुका निघाल्या. तिने विचारलं, "नापास?"

"नापास कसली? पास!" मी म्हटलं. "चल, आधी जेवून घेऊ."