हुजूर दफ्तर: पेशवाईतलं ‘परमिशन सेटिंग’

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा मजकूर. विषय जरा कोरडा वाटेल: कंपनीची माहिती लावायची कशी आणि सांभाळायची कशी. पण थांबा, गोष्ट पुण्याच्या शनिवारवाड्यापर्यंत जाणार आहे.

मी भिवंडीत, निजामपुऱ्यात राहतो आणि कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे गल्लीगल्लीत यंत्रमाग, त्यामुळे उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. समजा, व्यापाऱ्याने कारखान्याला सूत दिलं आणि कापड विणून परत घेतलं. व्यवहार एकच. पण मेहताजीला हवं असतं किती ताके तयार झाले ते. टेम्पोवाल्याला हवे फक्त नग आणि पत्ता. आणि मजुरीचा दर? तो मालक आणि व्यापारी यांच्यातच राहायला हवा. शेजारच्या कारखान्यात तो कळला, की पुढच्या वेळी घासाघीस झालीच म्हणून समजा.

म्हणजे माहिती ‘गुप्त’ किंवा ‘उघड’ अशी दोनच प्रकारची नसते. कोण बघतंय, कुठल्या कामासाठी बघतंय, कुठल्या व्यवहाराचा भाग म्हणून बघतंय, यावर सगळं ठरतं. यालाच संदर्भ म्हणायचं. मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये निम्मी डोकेफोड याचीच असते.

आता सर्व्हर नव्हते, तेव्हा हे कसं चालायचं?

रोजकीर्द आणि घडणी

पेशव्यांच्या मुख्य कचेरीला हुजूर दफ्तर म्हणत. नाना फडणवीस १७६३ च्या सुमारास फडणिशीवर आले आणि १८०० साली वारले. त्यांच्या काळात या दफ्तरात दोनशेहून जास्त कारकून होते. सगळं लिखाण मोडीत.

दफ्तराचे मोठे भाग दोन: चालतं दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तराच्या पुन्हा शाखा. ‘फड’ म्हणजे खुद्द फडणिसांची कचेरी. सनदा, हुकूम तिथून सुटायचे. ‘बेहेडा’ शाखेत महसुलाचे अंदाज तयार व्हायचे. सरदारांना लावून दिलेल्या मुलखाचा हिशेब ‘सरंजाम’ शाखेत.

फडात रोज ‘रोजकीर्द’ लिहिली जाई. आज कुठली सनद दिली, कुठलं पत्र गेलं, किती रोकड दिली, सगळं तारखेनुसार. आमच्या भाषेत हा लॉग. पण नुसता लॉग काय कामाचा? तीन वर्षांपूर्वी कल्याण-भिवंडी प्रांतातल्या एखाद्या गावासाठी काय हुकूम झाला, हे शोधायला हजार पानं कोण उलटणार?

म्हणून एकबेरीज दफ्तर. ते कायम पुण्यात असायचं. तिथे रोजकिर्दीतल्या नोंदी बाबवार वेगळ्या करून पुन्हा लिहीत. त्याला नाव होतं ‘घडणी’. त्यावरून पुढे ‘खतावणी’. एकच नोंद आधी तारखेखाली, मग विषयाखाली, मग खात्याखाली. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात जा, कापडी रुमालांत बांधलेल्या या कागदांच्या गटांची नावं अजून तीच आहेत: रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, पथके. नाव वाचलं की कागद कुठल्या कामातून आला, ते कळतं.

कुलूप कुठे होतं?

आता सुरक्षेचं बघू. पत्राच्या शेवटी एक छोटा शिक्का असायचा. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर ‘मर्यादेयं विराजते’, पेशव्यांच्या पत्रांवर ‘लेखनसीमा’. अर्थ सरळ: मजकूर इथे संपला. याच्या खाली कोणी ओळ वाढवली, तर ती खोटी. आज आपण डिजिटल सही लावतो, तेव्हा हाच प्रश्न सोडवत असतो, की सही झाल्यावर मजकूर बदलला तर तो पकडला जावा.

पण माझ्या मते खरं कुलूप शिक्का नव्हता. शिक्का हुबेहूब कोरणारा कोणीतरी सापडतोच. खोटी सनद बनवणाऱ्याची पंचाईत अशी, की तिची नोंद रोजकिर्दीत हवी, घडणीत हवी, खतावणीत हवी. वेगवेगळ्या माणसांच्या हातातल्या वह्या एकमेकींशी जुळायला हव्यात. एक कागद खोटा करता येतो, त्याच्या आजूबाजूचं सगळं गणगोत खोटं करणं अवघड.

मग बिघडलं कुठे?

दुसरे बाजीराव १७९६ मध्ये पेशवे झाले. १८१७ च्या नोव्हेंबरात पुणं इंग्रजांच्या हातात गेलं. एल्फिन्स्टनने कॅप्टन मॅक्लिऑडला दफ्तराच्या कामाला लावलं, तेव्हा जे चित्र नोंदवलं गेलं ते असं: बाजीरावांच्या काळात दफ्तराकडे दुर्लक्ष झालं, कारकून जवळपास काढून टाकले गेले, आणि लोकांना कागद घरी नेण्याचीही मुभा होती.

हे नीट लक्षात घ्या. शत्रूने दार फोडलं नव्हतं. वह्या जुळवणारी माणसं गेली, आणि त्यांच्याबरोबर व्यवस्थाही गेली.

किंमत कोणी मोजली? पुढे इंग्रज सरकारने इनाम कमिशन बसवलं, त्याचा कायदा १८५२ चा. इनामदारांना सांगितलं गेलं, हक्क सिद्ध करा. घरातली सनद दफ्तरातल्या नोंदीशी ताडून बघायची. जुळली तर ठीक. हजारो इनामं अशी सरकारजमा झाली. त्यात खोटे दावे होतेच. पण तीन पिढ्या जमीन सांभाळणाऱ्या ज्या घराचा कागद खरा आणि दफ्तरातली नोंद गहाळ, त्याने काय करायचं? आणि निवाडा करणारा कोण? ज्याला जमीन हवी होती तेच सरकार, दफ्तरही त्याच्याच ताब्यात.

म्हणून मला वाटतं, माहिती ज्याच्या हातात त्याच्या हातात सत्ता, हे वाक्य अर्धवट आहे. संदर्भ ज्याच्या हातात, त्याच्या हातात सत्ता.

आता आपल्याकडे या

आज कंपनीत प्रत्येकाला भूमिकेप्रमाणे परवानगी देतात. हिशेब विभागाला हे दिसेल, गोदामाला ते. पण माणूस गोदामातून खरेदी विभागात जातो आणि जुनी परवानगी तशीच राहते. पाच वर्षांनी त्याला सगळंच दिसत असतं, आणि ते का दिसतं, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यात आता ऑफिसच्या सगळ्या फायली वाचून उत्तरं देणारी एआय साधनं आली आहेत. पगाराचा तक्ता, करार, तक्रार, सगळं एकाच ढिगात टाकलं, तर घडणी मोडून फक्त रुमाल उरले, असंच होणार.

आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झाला. त्याच्या मुळाशी साधी गोष्ट आहे: माहिती ज्या कामासाठी घेतली, त्याच कामासाठी वापरा. दुकानात बिलासाठी दिलेला तुमचा मोबाइल नंबर कर्ज विकणाऱ्याकडे पोचला, तर नंबर तोच राहिला, संदर्भ मात्र चोरीला गेला.

तुमच्यापैकी कोणी ऑफिसात नवं सॉफ्टवेअर बसवत असेल, तर पासवर्ड किती अक्षरी हवा यावर वाद घालण्याआधी एक प्रश्न विचारा: ही नोंद कुठल्या कामातून आली, हे दहा वर्षांनी कोणाला सांगता येईल का? आणि ते सांगणारा कारकून आपण पगारावर ठेवलाय, की खर्च वाचवायला काढून टाकलाय?

घरात आजोबांच्या पेटीत मोडी कागद असतील, तर कृपा करून ते सुटे करू नका. ज्या क्रमाने बांधलेत त्याच क्रमाने आधी फोटो काढा, मग मोडी जाणणाऱ्याला दाखवा. कागदाचा शेजारीही पुरावाच असतो.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.